'एकच प्याला' घरी वाचायचं असेल तर

गडकऱ्यांचं हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आलं, पाच अंकी आहे. एका बैठकीत उरकू नका. आम्ही चौघी दर शनिवारी एक अंक वाचतो, मोठ्यानं. मनातल्या मनात वाचलं की ती लांबलचक वाक्यं अंगावर येतात. तोंडानं म्हटली की श्वास आपोआप सापडतो.

पदं पहिल्या वाचनात सोडली तरी चालतात. (ती गडकऱ्यांची नाहीतच, वि. सी. गुर्जरांची आहेत.)

तळीराम (नाटकाचा नायक वकील सुधाकर, त्याला दारूची चटक लावणारा त्याचा कारकून) कुणाला द्यायचा हे आधी ठरवा. आम्ही पहिल्यांदा खर्जातला, दुष्ट आवाज काढला आणि सगळं फसलं. मग आमच्यातल्या सगळ्यात गमत्या बाईकडे तो दिला. ती बोलायला लागली तशा आम्ही हसत सुटलो, आणि मध्येच गप्प झालो. असल्या माणसाला सुधाकर 'नाही' कसा म्हणणार?

पहिल्या प्याल्यापाशी थांबाच. पेन्सिलीनं खूण करा आणि मागची पानं उलटा. सुधाकर चैन म्हणून पीत नाही. कोर्टात अपमान झालाय, वकिलीची सनद काही काळासाठी गेलीय, हुशार माणसाला ते गिळवत नाही. दारूबंदीचं नाटक म्हणून वाचलंत तर हे हातचं सुटतं.

सिंधूवर, सगळं मुकाट सोसणाऱ्या सुधाकरच्या बायकोवर, मात्र मला अजून राग येतो. तिची वाक्यं वाचताना आमच्यात दरवेळी भांडण होतं, चहा गार होतो. होऊ द्या.

सिंधू जात्यावर दळत बसते त्या प्रवेशाला घाई करू नका. त्या शनिवारी पुढचं काही ठेवू नका.