मिरवेल कुजली तेव्हा आधी चर खणला

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आमच्या कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, म्हणजे काळ्या मिरीच्या वेली, ऐन श्रावणात पिवळ्या पडल्या. पानं काळवंडून गळत होती. बुंधा नखाने खरवडला की आत तपकिरी आणि कुबट वास. ही फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाची मूळकुज, साचल्या पाण्यात फोफावणारी. शेजारचे काका म्हणाले, "औषध मागाहून, आधी पाणी काढ."

वरच्या अंगाने चर खणला, वेलीच्या बुडाशी मातीचा उंचवटा केला, मुळांना कुदळ लागू दिली नाही. घरातल्या कटकटीतही हल्ली मी आधी काय तुंबलंय ते बघतो.

मग उघडीप साधून एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण फवारलं: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. भांडी प्लास्टिकची. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलट नव्हे. लोखंडी सुरी बुडवून बघायची. तांबूस थर चढला तर चुना कमी, आणखी घालायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवावं.

मेलेल्या वेली मुळासकट काढून जाळल्या. बाकीच्या सावरल्या. आता पहिली फवारणी मेअखेरीस, पावसाआधी, आणि दुसरी ऑगस्टात.