आवडतं काम की भरवशाचा पगार: ठरवण्याआधी काय काय करावं

नोकरी सोडली तेव्हा माझ्याकडे पाच महिन्यांचा खर्च शिलकीत होता. तेवढा पुरेल असं मला मनापासून वाटलं होतं. एका कंपनीच्या हिशेब विभागात मी अकरा वर्षं होते आणि सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करायचे. रंध्यातून लाकडाची लांब, सलग साल निघाली की आठवडाभराचा शीण जायचा. मग पूर्णवेळ हेच का करू नये, असं वाटून राजीनामा दिला. चौदाव्या महिन्यात मी पुन्हा नोकरीच्या मुलाखतीला बसले होते.

त्या चौदा महिन्यांत पैशांची ओढाताण झाली, ती सोसली. सोसवलं नाही ते वेगळंच. दहाव्या महिन्यात जागेचं भाडं भरायचं म्हणून मी तयार बोर्डाच्या, वर लॅमिनेट चिकटवलेल्या कपाटांची एकामागून एक तीन कामं घेतली. त्यात रंधा नाही, पटाशी नाही, सांधा नाही. तिसरं कपाट पोचवल्यावर सहा दिवस मी वर्कशॉपचं कुलूपच उघडलं नाही. मला लाकडाच्या वासाचीही शिसारी आली होती. पैसे पुन्हा मिळवता येतात हे मला माहीत होतं. ही आवड परत येईल का, याची मात्र खात्री नव्हती.

आज मी आठवड्यातले चार दिवस नोकरी करते आणि उरलेल्या दिवसांत लाकूडकाम. या वळणावर उभं असणाऱ्यांनी निर्णयाआधी काय करावं, ते मी त्या अनुभवातून लिहिते आहे.

आधी दोन आकडे काढा

तीन महिने घरातला रोजचा खर्च लिहा. अंदाजाने नको, त्या त्या दिवशी लिहा. विम्याचा हप्ता, मुलांची फी, घरातली दुरुस्ती असे वर्षातून एकदा येणारे खर्च बाराने भागून दर महिन्यात टाका. यातून दोन आकडे निघतील. एक तगण्याचा: छप्पर, जेवण, औषधं, शिक्षण, कर्जाचे हप्ते. दुसरा निवांतपणाचा, म्हणजे दात दुखला तर डॉक्टरकडे जायला चार दिवस थांबावं लागणार नाही, इतका.

बचतीला पहिल्या आकड्याने भागलं की किती महिने तगाल ते कळतं. दुसऱ्याने भागलं की किती महिने डोकं शांत ठेवून काम करता येईल ते कळतं. मी फक्त पहिल्याने भागलं होतं. दुसऱ्याने भागलं असतं तर पाचाचे तीनच महिने निघाले असते आणि तेव्हाच मी थांबले असते.

पगाराच्या चिठ्ठीकडे नीट पाहा. भरपगारी रजा, कंपनीने काढलेला आरोग्य विमा, निवृत्तीसाठी कंपनी भरते तो वाटा, हे सगळं राजीनाम्याबरोबर जातं. ते आपल्या खिशातून भरायचं झालं तर किती पडेल, ते तगण्याच्या आकड्यात मिळवा.

आता दिवसांचा हिशेब. इथे बहुतेक जण फसतात, हिशेब विभागात इतकी वर्षं काढून मीही फसले. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे कामाचे २६० दिवस. सण, आजारपण आणि घरची कामं यांचे ४० वजा करा, उरले २२०. या २२० दिवसांतही गिऱ्हाइकाला भेटणं, मापं घेणं, दर कळवणं, सामान आणणं, थकलेल्या पैशांसाठी फोन करणं असतं. मी वहीत वेळ टिपायचे. दहा तासांतले साडेचार तासच हात प्रत्यक्ष लाकडाला लागायचे. त्या प्रमाणात पैसे मिळवून देणारे दिवस उरतात ९९. म्हणून वर्षाच्या खर्चाला २६० ने भागून दिवसाचा दर काढू नका, १०० च्या आसपास भागा. त्यावर कर, सामान आणि हत्यारांची झीज चढवा. येणारा दर तुमच्या कामाला कोणी देत नसेल, तर ते नोकरीत असतानाच कळलेलं बरं.

नेमकं काय आवडतं ते शोधा

‘मला सुतारकाम आवडतं’ हे वाक्य फार ढोबळ आहे. कोऱ्या पानावर त्या व्यवसायातली सगळी कामं लिहा आणि प्रत्येकापुढे खूण करा: हे करताना वेळेचं भान राहत नाही, हे चालतं, हे नकोसं वाटतं. मला लाकूड निवडणं, सांधे बसवणं आणि शेवटचा हात फिरवणं आवडतं. घासाघीस नकोशी वाटते आणि दुसऱ्याने ठरवून दिलेली तारीख छातीवर दडपण आणते. धंद्यात ही नकोशी कामं वाढतात, आवडती कमी होतात. शिकवणं आवडणाऱ्याने क्लास काढला, चित्रं आवडणाऱ्याने स्टुडिओ काढला, तरी हेच होतं.

यावर माझ्या मते एकच खरी परीक्षा आहे. नोकरी असतानाच पाच अनोळखी माणसांचं काम पूर्ण दराने करा. नातेवाईक आणि मित्र यात धरू नका, ते कौतुक करणारच. पाचांतलं निदान एक काम तुम्हाला न आवडणारं असू द्या आणि एकात गिऱ्हाईक बदल सांगणारं असू द्या. पाचवं पोचवल्यावर सहावं घ्यावंसं वाटतं का, ते पाहा.

अमेरिकेत १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला नोकरीवर परतल्यानंतर वाचायला मिळाला. बालवाडीतल्या, रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं होतं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. मोठ्या माणसाचा धंदा आणि बालवाडी एक नव्हे, पण कुलूप न उघडलेले ते सहा दिवस मला यातून थोडे समजले. तेव्हापासून माझ्या सुतारकामाच्या बाकावर कायम एक अशी वस्तू असते जी कोणाला विकायची नाही. तुम्ही कुठलाही मार्ग घ्या, आवडीचा एक तुकडा पैशांपासून लांब ठेवा.

मधली वाट खरंच तपासा

बहुतेकांना दोनच दारं दिसतात. मलाही तसंच वाटायचं. टी. एस. एलियट हा कवी १९१७ मध्ये लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीला लागला आणि १९२५ पर्यंत तिथे होता. त्याला बँकेतून सोडवावं म्हणून १९२२ मध्ये कवी एझरा पाउंड याने वर्गणी गोळा करायची खटपट केली, तरी एलियट बँकेतच राहिला. पुढे त्याने बँक सोडली ती एका प्रकाशनसंस्थेत जाण्यासाठी, म्हणजे पगार ठेवून तो पुस्तकांच्या जवळ सरकला. संगीतकार फिलिप ग्लास यांचा ऑपेरा १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर झाला, त्यानंतरही ते टॅक्सी चालवत होते.

हे सगळ्यांना झेपतं असं मात्र नाही. लेखक फ्रान्झ काफ्का प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत होता. दुपारी दोनला कचेरी सुटायची, तरी लिहायला रात्रच उरायची आणि त्याच्या डायऱ्यांत त्या थकव्याची तगमग दिसते. म्हणून टिकवायची नोकरी निवडताना तीन गोष्टी पाहा. तिची वेळ ठरलेली आहे का? संध्याकाळी फोन येतो का? आणि आवडीच्या कामाला लागते तीच शक्ती ती दिवसभर शोषून घेते का? आकड्यांचं काम मला जमतं, कारण त्यात हात थकत नाहीत. ज्याला कथा लिहायच्या आहेत त्याने दिवसभर जाहिरातींचा मजकूर लिहिला, तर रात्री शब्द उरतीलच असं नाही.

नोकरी न सोडता व्यवसाय सुरू करणारे आणि नंतर पूर्णवेळ त्यात जाणारे लोक, थेट उडी घेणाऱ्यांपेक्षा टिकतात, असं अमेरिकेतल्या २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. मला याचं कारण साधं वाटतं. ज्याला पुढच्या पंधरवड्याची काळजी नाही, तो वाईट कामाला नाही म्हणू शकतो. लॅमिनेटच्या त्या तीन कपाटांना मी नाही म्हणू शकले नव्हते.

घरी बोला, आणि लिहून ठेवा

पहिल्या वेळी नवऱ्याने विचारलं होतं, “अगं, किती महिने म्हणजे नक्की किती?” मी म्हणाले, “जमेल तसं बघू.” त्या उत्तराने आम्हा दोघांची वर्षभर झोप उडवली, कारण कुठलाही वाईट महिना शेवटचा ठरू शकत होता. दुसऱ्या वेळी आम्ही एकाच कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: किती रक्कम संपेपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय झालं तर मी परत पूर्ण नोकरीवर जायचं. खाली दोघांनी सह्या केल्या. हे कोरडं वाटेल, पण त्या कागदानंतर आमच्यात पैशांवरून भांडण झालेलं नाही. तुमच्या पगारावर आई-वडील अवलंबून असतील तर त्यांनाही हे आकडे दाखवा. त्यांना काळजी वाटते ती तुमच्या आवडीची नसते, अंधाराची असते.

परतीची वाट जाणूनबुजून उघडी ठेवा. जुन्या सहकाऱ्यांशी बोलणं तोडू नका, आपल्या क्षेत्रातले नवे नियम आणि सॉफ्टवेअर वर्षातून एकदा तरी चाळा. चौदा महिन्यांनी मला नोकरी मिळाली ती एका जुन्या वरिष्ठांच्या फोनमुळे.

घरात कोणी गंभीर आजारी असेल, विमा नसेल, मोठं कर्ज असेल किंवा निवांतपणाच्या आकड्याने सहा महिनेही निघत नसतील, तर आज सोडू नका. यावर मी ठाम आहे. उलट, नोकरीमुळे शरीर मोडत असेल तर आवडीचं काम तयार होण्याची वाट पाहू नका. आधी दुसरी, हलकी नोकरी शोधा. आणि तुम्हाला कशाचीच अशी तीव्र ओढ नसेल, पगार घेऊन संध्याकाळ मुलांबरोबर घालवणं आवडत असेल, तर तेही आवडतं काम आहे. ते सोडून काही शोधायला हवं, असं कोणाच्या सांगण्यावरून मानू नका.

पूर्णवेळ उडी कधी? कामं परत पाठवावी लागतात तेव्हा. मी वहीच्या शेवटच्या पानावर, वेळ नाही म्हणून नाकारलेली कामं लिहिते, दर आणि तारखेसकट. सलग बारा महिन्यांत या नाकारलेल्या कामांची मजुरी माझ्या चार दिवसांच्या नोकरीच्या पगाराएवढी झाली, तर आमच्या कागदाप्रमाणे मी एक दिवस आणखी कमी करायचा आहे. सध्या आठवा महिना चालू आहे आणि बेरीज निम्म्याच्या थोडी पुढे गेली आहे. बाकावर माझ्यासाठी सुरू केलेलं एक स्टूल आहे. त्याचं लाकूड अजून पुरतं वाळलेलं नाही, म्हणून पाय बसवायचे थांबवले आहेत.