माळरानावर पायी जाताना बंदूक सोबत न्यावी का?

नान्नजच्या माळावर, करमाळ्याच्या ऊसपट्ट्यात किंवा बार्शीहून येडशीच्या डोंगराकडे पायी भटकणाऱ्या परवानाधारकाने बंदूक उचलण्यापूर्वी वाट कोणाच्या हद्दीतून जाते हे पाहावे. वाट अभयारण्यातून जात असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या पूर्वलेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन आत जाता येत नाही. नान्नजला माळढोक अभयारण्याची हद्द शेतांना लागून असल्याने ती नेमकी कोठे सुरू होते हे वनरक्षकाला आधीच विचारावे.

अभयारण्याबाहेर परवान्याची अट महत्त्वाची ठरते. परवाना सोलापूर जिल्ह्यापुरता असेल, तर धाराशिव जिल्ह्यातील येडशीत तो चालत नाही. पीकसंरक्षणासाठी घेतलेली बंदूकही भटकंतीसाठी नाही.

तरीही माझे स्पष्ट मत असे की, बंदूक घरीच ठेवावी. सपाट माळावर रायफलीची चुकलेली गोळी किलोमीटरभर सहज जाते आणि तिच्या वाटेत मेंढपाळ, ऊसतोड मजूर किंवा त्यांची मुले असू शकतात. बिबट्या बहुधा अगदी जवळून झेपावतो, त्या क्षणी नेम धरायला वेळ मिळत नाही, आणि जखमी झालेला बिबट्या पुढच्या माणसासाठी अधिक धोकादायक ठरतो. करमाळ्यातील नरभक्षक बिबट्याला डिसेंबर २०२० मध्ये ठार करण्यात आले, तेही वनविभागाच्या आदेशानुसार.

त्याऐवजी दोघे-तिघे मिळून, बोलत चालावे. उसाच्या कडेने पहाटे वा तिन्हीसांजेला जाणे टाळावे आणि तेथे खाली वाकून बसू नये. बिबट्या समोर आलाच, तर पळू नये. हात उंच करून, मोठ्याने ओरडत, त्याच्याकडे पाठ न फिरवता मागे सरकावे. रानडुकराची वाट अडवू नये. लांडग्याच्या बिळाजवळ थांबू नये. घोणस आणि फुरसे यांच्यापुढे तर बंदुकीचा काहीच उपयोग नाही. तेथे घोट्यापर्यंतचे बूट, काठी व विजेरी हवी आणि दंश झाल्यास १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

स्वसंरक्षणात प्राणी मारला गेल्यास कलम ११ संरक्षण देते, मात्र त्या वेळी आपण स्वतःच कायदा मोडत असलो, तर ते मिळत नाही. मृत प्राणी शासनाची मालमत्ता असतो; त्याला हात न लावता वनविभागाला १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.