अर्जात मार्गदर्शक तत्त्वाचा आधार कसा घ्यावा

संविधानातला अनुच्छेद लिहिला की अर्जाला वजन येते असे अनेकांना वाटते, पण भलत्या अनुच्छेदावर उभा केलेला अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो. राज्य धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांबाबत, म्हणजे अनुच्छेद ३६ ते ५१ बाबत, असे हमखास घडते. म्हणून आधी अनुच्छेद ३७ वाचावा. ही तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत, तरीही देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे तो सांगतो. तेव्हा हक्क तत्त्वावर सांगू नये. त्या तत्त्वातून कोणता कायदा झाला हे शोधून मागणी त्याच्या कलमावर करावी.

समजा, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला पोटगीचा अर्ज करायचा आहे आणि वकिलाची फी परवडत नाही. मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व अनुच्छेद ३९क मध्ये आहे (शालेय पुस्तके ‘३९अ’ लिहितात, अनुच्छेद तोच), परंतु वकील मिळतो तो विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मुळे. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये हेलपाटे घालण्यापूर्वी हे कलम दाखवावे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे द्यायच्या अर्जात, ‘मी स्त्री असल्याने कलम १२ अन्वये विधी सेवेस पात्र आहे’ हे वाक्य आधी यावे, मग प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे हे दाखवणारी हकीकत तारखांसह, आणि ३९क चा उल्लेख शेवटी एका ओळीत. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

मूलभूत कर्तव्यांचा, म्हणजे अनुच्छेद ५१क चा, वापर याहून जपून करावा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दहा आणि २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अकरावे कर्तव्य आले, पण त्यांच्या भंगासाठी या अनुच्छेदात शिक्षा नाही. शिवाय ती नागरिकांची आहेत. ‘ग्रामपंचायतीने मूलभूत कर्तव्य पाळले नाही’ असे लिहिणे चूक ठरते. ओढ्यात कचरा टाकला जात असेल तर पंचायतीला पर्यावरण रक्षणाचे तत्त्व, अनुच्छेद ४८क, दाखवावे, आणि आपण तक्रार का करीत आहोत हे सांगताना ५१क मधील निसर्गरक्षणाचे कर्तव्य स्वतःच्या नावापुढे लिहावे.