करारावर सही करण्याआधी

पहिली कादंबरी स्वीकारल्याचा फोन आला की हात आपोआप पेनाकडे जातो. जरा थांबा. हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी देताय, ते करारात आधी शोधा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरतात; प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. मात्र ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापून आलं असेल, तर हा आधार उरत नाही. (असे छापील नमुने फिरत असतातच.) अनुवाद, ऑडिओबुक, वेबसीरिज यांचे हक्क वेगळे ठेवायला सांगा. आणि रॉयल्टी छापील किमतीवर मिळणार की सवलत वजा जाता उरलेल्या रकमेवर, हे लेखी घ्या.