ब्रेकनंतर बॉल पांगत नव्हते: माझा अनुभव

लातूरच्या ज्या क्लबमध्ये मी एट-बॉल (काठीने बॉल टेबलाच्या खिशांत घालायचा पूलचा खेळ) खेळतो, तिथे कितीही जोरात ब्रेक (त्रिकोणात रचलेल्या बॉलांवरचा पहिला फटका) केला तरी मागचे पाच-सहा बॉल एकमेकांना चिकटूनच राहत. क्यू (खेळायची काठी) बदलला, तिच्या टोकाची टिप बदलली, जोर वाढवला. खांदा मात्र दुखावला.

दोष ब्रेकमध्ये नव्हता, रॅकमध्ये, म्हणजे बॉलांच्या त्रिकोणी रचनेत होता: बॉलांमध्ये केसाएवढी फट राहिली, की धक्का पुढे पूर्ण पोहोचत नाही.

आता मी आधी पंधराही बॉल ओलसर कापडाने पुसून कोरडे करतो, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ फार, आणि फूट स्पॉटभोवतीचे (रचनेच्या टोकाचा बॉल जिथे ठेवतात त्या खुणेभोवतीचे) टेबलाचे कापड ब्रशने झाडतो. मग टोकाचा बॉल स्पॉटवर, आठ नंबरचा तिसऱ्या ओळीच्या मधोमध आणि मागच्या दोन कोपऱ्यांत एक एकरंगी व एक पट्ट्याचा ठेवून, त्रिकोणाच्या (बॉल रचायच्या साच्याच्या) मागून बोटे घालून सगळे बॉल पुढे घट्ट दाबतो. बोटे काढल्यावर समोरून वाकून फट पाहतो. दिसल्यास तिथला बॉल दुसऱ्याशी बदलतो, कारण झिजलेले बॉल सारख्या मापाचे राहत नाहीत. शेवटी त्रिकोण किंचित पुढे सरकवून सरळ वर उचलतो. पहिल्याच दिवशी, निम्म्या जोरात, बॉल टेबलभर पांगले.