जुन्या गाडीला रिमोट स्टार्ट बसवताय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूर, जळगावकडे गाडी उन्हात उभी राहिली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही, त्यामुळे घरातूनच बटण दाबून एसी चालू करायची हौस कुणालाही येणार. पण बाजारातले बरेच किट मुळात ऑटोमॅटिक गाडी धरून बनवलेले असतात आणि आपल्या जुन्या अल्टो, वॅगन आर, सँट्रो, बोलेरो जवळपास सगळ्या मॅन्युअल. घोळ तिथूनच सुरू होतो.

जुन्या गाडीची हँडब्रेकची केबल सैल झालेली असते, म्हणून आपण उतारावर गाडी फर्स्टमध्ये टाकून लावतो, हात आपोआपच जातो. आता वरून कुणी बटण दाबलं तर क्लच दाबायला आत कोणी नाही, सेल्फ फिरला की गाडी उडी मारणार, आणि इंजिन पकडलं तर समोर भिंत आहे का कुणाचं पोर खेळतंय हे तिला काय कळणार! काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तिथे फिटर खुशाल तो स्विच शॉर्ट करून मोकळे होतात.

मॅन्युअलसाठी वेगळी पद्धत असलेलंच किट घ्या. त्यात इंजिन चालू असतानाच न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची (इंजिन चालूच राहतं), उतरून दारं लावायची, मग ते स्वतः बंद होतं. म्हणजे गाडी न्यूट्रलला आहे हे पक्कं झालं. नंतर एक जरी दार उघडलं तरी रिमोट स्टार्ट रद्द. पण हे सगळं दाराच्या त्या छोट्या स्विचवर चालतं आणि जुन्या गाडीत मागच्या दाराचे स्विच गंजलेले असतात, कधीकधी नसतातच. आधी प्रत्येक दार उघडून आतला दिवा लागतो का बघा, एखाद्या जरी दाराला लागत नसेल तर ते काम पहिलं.

कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० असेल तर नादच सोडा, तिला थंडीत चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय लागतो, तो रिमोटमधून कसा देणार? डिझेल गाडीत स्टार्टच्या आधी इंजिनातला हीटर (ग्लो प्लग) तापेपर्यंत थांबायची सेटिंग चालू करून घ्या.

इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू राहू न देणारी यंत्रणा) असेल तर काही जण दुसरी चावी डॅशबोर्डच्या आत टेपने गुंडाळून कायमची ठेवून देतात. गाडीची सुरक्षा गेली, शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या सहसा दोन्ही चाव्या मागतात, आणि तुमची एक तर गाडीबरोबरच गेलेली असते. फक्त स्टार्टच्या वेळेपुरता सिग्नल देणारा बायपास मॉड्यूल मिळतो, तो लावा.

वायरिंगचं म्हणाल तर इग्निशनच्या वायरींतून भरपूर करंट जातो, नुसतं पिळून टेप मारलेला जॉइंट तापून वितळतो. सोल्डर करा, फ्यूज बॅटरीजवळ हवा. बॉनेट उघडं असताना स्टार्ट होऊ न देणारा बॉनेटचा स्विच तर लावाच, कारण मेकॅनिकचा हात बेल्टजवळ असताना घरात कुणीतरी रिमोटशी खेळत असतं.

आता बसवल्यावर येणारी दुखणी. चालू होऊन दोन-तीन सेकंदात बंद पडते? बहुतेक इमोबिलायझर. इंजिन पकडलं तरी सेल्फ घरघरतच राहतो? इंजिन किती वेगाने फिरतंय हे किटला सांगणारी आरपीएमची वायर जोडलेली नसते, किट नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतं आणि म्हाताऱ्या बॅटरीवर तो अंदाज चुकतो. इंजिन चालू पण एसीचा ब्लोअर गप्प, म्हणजे दुसरी इग्निशन वायर राहिली. गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन होत असेल तर सगळं बंद करून, गाडी लॉक करून थोडा वेळ जाऊ द्या, मग मल्टिमीटर लावा, साधारण ५० मिलीअँपच्या वर करंट जात असेल तर कुठेतरी चुकीच्या ठिकाणी वायर घेतलीय.

बंद गॅरेज किंवा बेसमेंटमध्ये रिमोटने चालू करून ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. आणि रस्त्यावर लावलेली गाडी अशी चालू ठेवणं हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ मध्ये बसत नाही, ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणजे ही चैन आपल्या कंपाउंडच्या आतच. गाडी सर्व्हिसिंगला देताना किट व्हॅले मोडवर (रिमोट स्टार्ट तात्पुरता बंद ठेवणारा मोड) टाका आणि रिमोट घरीच ठेवा, बऱ्याच जणांना तो मोड असतो हेच माहीत नसतं.